डावीकडची शेवटची खिडकी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घेवडा निवडणं. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या, मधे स्टुलावर परात, आणि पडद्यावर ते नवीन विमान. विमान बनवणाऱ्या परदेशी मंडळींनी नवा व्हिडिओ टाकला होता. ही शिरा ओढता ओढता बघत होती आणि मी शेंगा बघायच्या सोडून विमान बघतो म्हणून मला बोलत होती.

"किडकी शेंग परातीत टाकली तुमी."

"दिसली न्हाई."

"विमानाच्या पंख्यातला खिळा दिसतो, घेवड्यातली अळी न्हाई दिसत."

हे विमान म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाल. आमची एकुलती एक पोर नर्स आहे, आखातात नोकरीला. जाताना तिचा कॉम्प्युटर घरी ठेवून गेली. आम्ही दोघं एकमेकांची डोकी खाऊ नयेत म्हणून तिनं त्यात विमान उडवायचा प्रोग्राम घालून दिला आणि गाडीच्या गिअरसारखा एक दांडा पाठवला. घरात बसून उडवायचं. ढग खरे, वारा खरा, विमानतळ खरे. फक्त आपलं बूड खुर्चीतून हलत नाही. मी उभ्या जन्मात टेम्पो चालवला, वेल्ह्याकडच्या वाड्यांचं दूध नसरापूरला आणून टाकायचं. मला वाटलं पोरखेळ आहे. बसलो तो अडकलो.

ही शेजारी बसायची. माझी शाळा चौथीपर्यंत. हिची दहावीपर्यंत, इंग्रजी अक्षर हिला वाचता यायचं. विमान हलवायच्या आधी एक यादी असते. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं त्या त्या खटक्याकडं बघून उत्तर द्यायचं. ही विचारायची, मी बघायचो.

"पार्किंग ब्रेक?"

"लावलाय."

"बाहेरचे दिवे?"

"लावले."

"गोळी घेतली का सकाळची?"

"हे यादीत न्हाई."

"माझ्या यादीत हाय."

आमच्याकडं जी विमानं होती ती पुढून विमान आणि मागून डबा. पुढची केबिन तेवढी चकाचक, मागचं दार उघडलं की काळोख. नवीन येणार होतं ते तसं नव्हतं. एकूण एक सीट, सीटवरचे पट्टे, खिडकीची झडप वरखाली होणारी, जेवणाची फळी उघडणारी. आणि मुख्य म्हणजे आमची पोर गेली ती ह्याच जातीच्या विमानानं. हिला ते त्यासाठी हवं होतं. हृदय मोठं झालंय, विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरनं हिला बजावून सांगितलेलं. म्हणजे पोरीकडं जाणं कायमचं मिटलं. तेव्हा हिनं मनाशी ठरवलं की पोर बसली त्या सीटवर आपण कॉम्प्युटरमधून बसायचं आणि मी तिला न्यायचं.

पोरीला सोडायला आम्ही मुंबईला गेलो होतो. आत कुणी सोडत नाही. बाहेर रस्त्याला गाडी लावून थांबलो. भिंतीपलीकडून एक मोठं विमान वर गेलं, ड्रायव्हर म्हणाला हेच. ही हात हलवत राहिली. घाट चढताना मला म्हणाली, पोर डावीकडच्या शेवटच्या खिडकीत होती.

"एवढ्या लांबनं तुला काय दिसलं?"

"तुमाला मोतीबिंदू हाय. मला न्हाई."

त्या व्हिडिओतसुद्धा ती खिडकी आली तेव्हा हिनं शेंग धरलेल्या हातानं ती दाखवली. शेवटी इंग्रजीत दोन शब्द आले. हिनं वाचले, "लवकरच येत आहे." मग म्हणाली, "ह्यांचं लवकरच म्हंजे आपल्या रस्त्याचं डांबर."

भाजी झाली, जेवलो. पहाटे हिला धाप लागली. भोरच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं आणि पुण्याहून ती परत आली नाही ती नाहीच. ह्याच्यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

पोर आली नाही. तिचे कागद नूतनीकरणाला गेले होते, ती तिथून हलली असती तर परत घेतली नसती. तिनं सगळं मोबाईलवर बघितलं. कारण खरं होतं, मला समजत होतं. तरी मी तिच्याशी बोललो नाही. ती रडायची आणि मी मोबाईल मेव्हण्याच्या हातात द्यायचो.

दहाव्याला भोरच्या नदीकाठी गेलो. पिंड ठेवला, सगळे मागं सरले. कावळे होते. भिंतीवर होते, पिंपळावर होते. खाली एक उतरंना. मेव्हणा हात जोडून पुढं झाला. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, वरव्याला शेती करतो, तोंडानं फटकळ पण बहिणीवर जीव.

"ताई, पोरीची काळजी करू नगं. तिच्या पाठीशी आमी हाय."

कावळा बसून.

"ताई, दाजींच्या जेवणाखाणाचं बघू आमी."

कावळ्यानं पंखात चोच घातली. मागून भावकीतल्या एका बाईनं हिच्या नावानं देवळाला पायरी बसवायचं कबूल केलं. दुसरीनं हिच्या तुळशीला पाणी घालायचं. ऊन वर आलं. शेजारी दुसऱ्या घरचा पिंड होता, तो कावळ्यांनी कधीच फस्त केला. बायका कुजबुजायला लागल्या. मेव्हण्यानं मला कोपरानं ढोसलं.

"दाजी, तुमी बोला. काय ऱ्हायलं असंल ते तुमालाच ठावं."

मला ठावं होतं. पण एवढ्या माणसांत ते बोलायचं कसं? मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला. तिला ऐकू गेलं पायजे."

"तिला कमी ऐकू येत नव्हतं," मी म्हणालो. आणि मग बोललो मोठ्यानं. "पोर गेली ते विमान येऊ दे. पोरीच्या शीटवर बसवून तुला पोरीकडं पोचवतो. मी स्वतः नेतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई."

एक कावळा भिंतीवरून उतरला, दोन उड्या मारल्या आणि भात उचलला. बायकांनी सुस्कारा टाकला. मागून एकजण म्हणाला, "विमान? ह्यांच्याकडं कुठलं आलं विमान?"

आता कावळा भुकेनं उतरला असंल. उन्हानं कंटाळला असंल. मी त्या गोष्टी फार मानणारा नाही. पण शब्द माझा गेला होता, चार माणसांत गेला होता, आणि जी वस्तू माझ्या हातात नाही तिच्यावर गेला होता. विमान बाजारात यायचंच होतं अजून.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. आमच्या आंबवडे गावात अशी गोष्ट लपत नाही. दूध घालायला गेलो की डेअरीवर विचारायचे, "आलं का विमान?" गिरणीत विचारायचे. कोण मनापासून विचारायचा, कोण तोंडात तंबाखू धरून हसायचा. एकजण म्हणाला, "काका, उतरवायला रान साफ करून ठिवू का?" मी त्याला म्हणालो, आधी तुझं तोंड साफ कर.

पोरीशी माझं बोलणं विमानापुरतं उरलं. रोज संध्याकाळी फोन यायचा. मी विचारायचो, काय लिहिलंय त्यांनी? ती वाचून दाखवायची. एकदा लिहिलं होतं, चाकांचं काम चालू आहे. मग कितीतरी दिवस काहीच नाही. मग लिहिलं, दाराचा आवाज मनासारखा होत नाही म्हणून थांबलोय.

"दाराचा आवाज घेऊन काय करायचाय?" मी म्हणालो. "त्यांना सांग, दार मुकं चालंल."

"आप्पा, असं सांगता येत नाही."

"का न्हाई? इंग्रजी येतं ना तुला?"

ती हळूच म्हणाली, "सांगितलंय. आई गेल्याचंही सांगितलंय. त्यांनी लिहिलं की वाईट वाटलं, पण तयार झाल्याशिवाय देणार नाही."

बरोबर होतं त्यांचं. मी पण नासकं दूध कधी पुढं ढकललं नाही. पण बरोबर असून मला उपयोग काय? माझा एक डोळा पिकलेला, छातीत मधूनच कळ येते. विमानाच्या आधी मीच गेलो तर हिचं काय? रात्री जेवण जाईना. मेव्हणा दर बाजाराच्या दिवशी येऊन बसायचा.

"दाजी, दुसऱ्या विमानात बसवा की. तुमच्याकडं पाच-सहा हायेत. कावळ्याला काय कळतीय विमानाची जात?"

"कावळ्याला न्हाई कळत. तुझ्या बहिणीला कळती."

तो पिशवी उचलून बाजाराला गेला.

भातं झोडून झाली, गवत रचून झालं, आणि एका सकाळी पोरीचा अवेळी फोन आला. "आप्पा, आलं." एवढंच म्हणाली. तिनंच ते तिकडून घेतलं, तिकडूनच आमच्या कॉम्प्युटरवर उतरवायला लावलं. आमच्या नेटला दम नाही. लाइट जास्त वेळ गेली की थांबायचं, आली की परत चालू. मी डेअरीवर जाणंसुद्धा सोडलं. समोर बसून ती हिरवी पट्टी सरकताना बघत राहिलो, जणू मी बघितलं नाही तर ती थांबंल.

पट्टी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बसलो. पोरीला सुट्टी होती, ती म्हणाली, "मी फोनवर थांबते. यादी वाचते."

"नको. माझं मी करतो."

तोंडातून गेलं. यादी वाचायचं काम तिच्या आईचं होतं.

विमान मुंबईला उभं, सगळं बंद, अंधार. जुन्या विमानांना दोन खटके दाबले की चालायची. हे तसं नव्हतं. बॅटरी लावली, पुढं काही कळंना. डोक्यावर एवढाले खटके, सगळ्यांवर इंग्रजी. एक दाबला तर घंटा वाजायला लागली, बंद होईना. इंजिन काही घेईना. मी शिव्या दिल्या. दांडा आपटला. मोबाईल टेबलावर तसाच चालू होता हे माझ्या ध्यानात नव्हतं.

त्यातून पोरीचा आवाज आला. "आप्पा, शेपटीत एक छोटं इंजिन असतं. आधी ते चालू करायचं. त्याची हवा मोठ्या इंजिनाला जाते."

मी थांबलो.

"कुठाय त्याचा खटका?"

"डोक्यावर, मधोमध. तीन अक्षरं. पहिलं घराच्या छपरासारखं."

सापडला. मागून घुं असा आवाज आला, हळूहळू चढत गेला. ती पुढचं सांगत गेली, मी लावत गेलो. तेवढ्यात मेव्हणा आला, चपला काढल्या, हिच्या खुर्चीवर बसायला गेला आणि बसला नाही. स्टूल ओढून घेतलं.

मग माणसं बसवायचा तक्ता आला. ह्या विमानात ते असतं, सगळ्या सीटा चौकोनांत मांडलेल्या. ज्या चौकोनावर बोट ठेवाल ती सीट भरते, आणि तेवढं वजन विमानाला लागतं. मी म्हणालो, "पोरी, डावीकडची शेवटची खिडकी. कितवी ती?"

मी बोट मागच्या चौकोनांवर नेलं.

"नंबर सांग की."

"आप्पा, मी खिडकीत नव्हते."

मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं.

"मधल्या रांगेत होते. मधल्या रांगेतही मधे. दोन्हीकडं माणसं. बाहेरचं काहीच दिसत नव्हतं."

"आईला कधी बोलली न्हाईस."

"ती फोनवर म्हणाली, मी तुला खिडकीत बघितलं. मग मी काय बोलू? मी पांघरूण डोक्यावरून घेतलं होतं, उतरेपर्यंत काढलं नाही. शेजारचा माणूस विचारत होता बरं नाही का."

मेव्हणा हळूच म्हणाला, "दाजी, खिडकीतच बसवा. ताईला बाहेरचं दिसंल तरी."

मी त्या चौकोनांकडं बघितलं. खिडकीची सीट पांढरी, मोकळी. हिनं त्याच खिडकीला हात हलवला होता. पण दहाव्याला नदीकाठी मी खिडकी म्हणालो नव्हतो. पोरीच्या सीटवर म्हणालो होतो. आणि हिलासुद्धा बाहेरचं बघायचं नव्हतं, पोर कुठं बसली ते बघायचं होतं. मी पोरीला नंबर विचारला आणि मधल्या रांगेतल्या मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. तो निळा झाला. बाकी सगळं विमान मोकळं.

"एवढ्या विमानात एकच पाशिंजर?" मेव्हणा म्हणाला.

"एकच."

समुद्रावर आलो तसं बरं वाटलं. पोर फोनवर होती, मधूनच बोलायची, तिच्या खोलीबद्दल, तिथल्या पेशंटबद्दल. मी ऐकत होतो. हिच्या जाण्यानंतर एवढं मी तिचं पहिल्यांदाच ऐकलं. मेव्हण्यानं दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गोडमिट्ट.

तिच्या गावाजवळ आलो तेव्हा हवा बिघडली. तिकडं खरोखर धुळीचं वादळ चालू होतं, आणि आमच्या विमानातली हवा खरी असते. समोर नुसता पिवळा गढूळ पडदा. पोर म्हणाली, "मला खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नाहीये, आप्पा." मी खाली यायला लागलो आणि इकडं आमची लाइट गेली.

इन्व्हर्टरनं धरलं. पण त्याची बॅटरी म्हातारी, माझ्यासारखी. लाल दिवा लागला आणि किर्र करायला लागला.

"किती टिकंल?" मेव्हण्यानं विचारलं.

"ह्याच्याआधी लई टिकला न्हाई."

मेव्हणा उठला आणि घरभर फिरला. पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, देवापुढचा बल्ब काढला. कोपऱ्यात हिरवे दिवे लुकलुकत होते ते डबडंही त्यानं काढलं. ते नेटचं होतं. फोन तुटला. पोर वाक्य बोलत होती, अर्ध्यावरच गेली. आमच्या घरात मोबाईलला रेंज येत नाही.

"काय झालं? मी काय केलं?" तो म्हणाला.

"काय न्हाई. बस आता खाली."

परत लावून सगळं जोडेपर्यंत बॅटरी गेली असती. कॉम्प्युटर बंद पडला की विमान गेलं, आणि ही आत बसलेली. मी दांडा दोन्ही हातांनी धरला. चाकं खाली. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या फळ्या, खाली. विमान स्वतःच इंग्रजीत आकडे मोजायला लागलं, तेवढे आकडे मला कळतात. समोर रस्ता दिसला, पण आम्ही फार उजवीकडं होतो. जुनं विमान असतं तर तसंच टेकवलं असतं, त्यानं माफ केलं असतं. हे करणार नव्हतं. मी सगळी ताकद दिली आणि नाक वर घेतलं.

"अवो, समोर दिसत होतं की," मेव्हणा ओरडला. "टेकवायचं ना."

"गप्प बस. आत तुझी बहीण हाय."

परत फेरा मारला. इन्व्हर्टरचं किर्र थांबंना. मेव्हणा स्टुलावरून उठून त्या लाल दिव्यापुढं हात जोडून उभा राहिला. मी पुन्हा खाली आलो, ह्या वेळी हळू, रस्ता बरोबर नाकासमोर. आकडे मोजले गेले. चाकं टेकली, जोरात टेकली, एकदा उडून पुन्हा टेकली, आणि विमान थांबलं.

रस्त्यावरून आत नेऊन उभं केलं, पार्किंग ब्रेक लावला, दार उघडलं. दाराचा आवाज आला. चांगला केला होता त्यांनी, जड, खरा. मेव्हण्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "ताईला हिसका बसला असंल."

"बसला असंल थोडा."

मग इन्व्हर्टर बंद पडला आणि पडदा काळा झाला.

लाइट आल्यावर नेटचं डबडं परत लावलं आणि पोरीचा फोन आला. "आप्पा?"

"पोचवलं," मी म्हणालो. "दार उघडं ठेवलंय."

ती खूप वेळ रडली. मी मोबाईल मेव्हण्याला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला आणि कॉम्प्युटर लावला. जिथं सोडावं तिथंच उभं राहतं, अशी सोय आहे ह्या विमानात. तसंच उभं होतं, पोरीच्या गावात. धूळ बसली होती, हवा स्वच्छ. पोर ड्युटीवर गेली असणार म्हणून फोन केला नाही. तक्ता उघडला. मधला चौकोन अजून निळा होता. त्यावर बोट ठेवलं, तो पांढरा झाला. मग दार लावलं. उभ्या जन्मात मी टेम्पो परगावी मुक्कामाला ठेवला नव्हता. छोटं इंजिन, मग मोठं. समुद्रावर आलो तेव्हा वारा मागून होता. विमान मोकळं, हलकं, लवकर पळत होतं.